यकृताची गाठ, दुर्बिणीचे ऑपरेशन आणि आपला उशीर

आपल्या घरांत लेकरू 'लख्ते-जिगर' असते, जवळचा दोस्त 'जिगरी' असतो आणि हिंमतवान माणसाला मराठीतही 'जिगरबाज' म्हणतात. बकरी ईदला कुर्बानीनंतर सगळ्यात आधी चुलीवर चढते ती कलेजी. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. जिगर, कलेजी आणि यकृत हे एकाच अवयवाचे तीन शब्द आहेत, हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटते. एवढ्या मायेने ज्या अवयवाचे नाव आपण घेतो, त्याच्या आजाराबद्दल मात्र आपल्या घरांत कुजबुजत बोलतात. 'लिव्हर खराब झालंय' असे कळले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दारूचा. मुस्लिम घरात हा प्रश्न आजारापेक्षा जड होतो.

आज मला यकृतातल्या गाठींच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहायचे आहे. ही शस्त्रक्रिया आता अनेक रुग्णांत पोटावर मोठी चीर न देता, चार-पाच छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीच्या मदतीने करता येते. आपल्यापासून लोकलच्या अंतरावर, मुंबईत ती होते. तरीही वसई-विरारमधल्या आपल्या वस्त्यांतून जे रुग्ण तिथपर्यंत पोहोचतात, त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत तिची वेळ निघून गेलेली असते. हा उशीर काही प्रमाणात सरकारचा आहे, काही प्रमाणात आपला. दोन्हींबद्दल बोलले पाहिजे, असे माझे मत आहे.

दुर्बीण आपल्याला नवी नाही

'दुर्बिणीचे ऑपरेशन' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला तो कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. आपल्या आया-मावश्यांना तो तिथूनच माहीत आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या आजारांचे निदान करण्यासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. त्या काळी आजच्यासारखी गल्लोगल्ली सोनोग्राफी नव्हती. पोटात काय आहे हे पाहायचे तर पोट उघडावे लागे. एका छोट्या छिद्रातून यकृत, आतडी आणि पोटाचे आवरण डोळ्यांनी पाहता येते, ही गोष्ट गरीब रुग्णांच्या फार उपयोगाची होती. पुढे १९९० मध्ये त्याच रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. देशाने त्यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण दिले. २०२३ मध्ये ते गेले. हे तंत्र आपल्याकडे एका सरकारी रुग्णालयात रुजले, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते फक्त श्रीमंतांसाठी आहे असे समजण्याचे कारण नाही.

आज पित्ताशयाचे खडे दुर्बिणीने काढणे ही रोजची बाब झाली आहे. यकृताची गोष्ट वेगळी आहे. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला हा अवयव साधारण सव्वा ते दीड किलोचा. त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. तो कापायचा म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज कापण्यासारखे आहे. त्यामुळे पित्ताशयावर हात बसल्यानंतरही यकृताला दुर्बिणीने हात लावायला सर्जन बरीच वर्षे बिचकत होते. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशांत छोट्या गाठी अशा पद्धतीने काढायला सुरुवात झाली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि ही पद्धत कोणासाठी योग्य हे त्यांनी ठरवले. गाठ एकटी असावी, पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असावी आणि यकृताच्या पुढच्या किंवा कडेच्या भागात असावी, अशा रुग्णांपासून सुरुवात करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर अनुभव वाढला आणि मोठ्या, अवघड जागच्या गाठीही काही निष्णात सर्जन दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने काढू लागले.

आत नेमके काय करतात

पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा केली जाते. पाच ते बारा मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्यांची अवजारे आत जातात. आतले चित्र पडद्यावर मोठे दिसते. यकृताच्या पृष्ठभागावर सोनोग्राफीचा छोटा प्रोब टेकवून गाठ कुठे आहे, शिरा कुठून जातात, हे पुन्हा तपासले जाते. कारण उघड्या शस्त्रक्रियेत सर्जनच्या बोटांना जे कळते, ते इथे कळत नाही. मग विशेष उपकरणांनी यकृत हळूहळू छेदतात, वाटेतल्या रक्तवाहिन्या बंद करत जातात आणि गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह सुटी करतात. ती पिशवीत घालून ओटीपोटावर छोटी चीर देऊन बाहेर काढतात, म्हणजे साधारण सिझेरियनची चीर असते तिथून. उघड्या शस्त्रक्रियेत बरगड्यांखाली हातभर लांब चीर असते. ती दुखते, श्वास घेताना ओढ बसते आणि तिथे पुढे हर्निया होऊ शकतो.

यकृताला एक देणगी आहे. निरोगी यकृताचा दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त भाग काढला तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून काम सांभाळतो. मात्र हे निरोगी यकृताबद्दल खरे आहे. यकृत आकसून, गाठीगाठींचे, कडक झाले असेल, ज्याला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात, तर थोडा भाग काढणेही जिवावर बेतू शकते.

आता प्रश्न असा, की छोट्या छिद्रातून केलेल्या कामात कॅन्सर मागे राहत नाही ना? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तपासून मिळाले आहे. नॉर्वेत ऑस्लो शहरात २८० रुग्णांचा अभ्यास झाला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेल्या या रुग्णांपैकी कोणाची उघडी शस्त्रक्रिया करायची आणि कोणाची दुर्बिणीची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. २०१८ मध्ये निकाल आले. उघड्या शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी ३१ जणांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुर्बिणीच्या गटात १९ जणांना. रुग्णालयातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत जगणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच होते, ५४ आणि ५५ टक्के. म्हणजे दुर्बिणीने आयुष्य वाढले नाही, पण तेवढेच आयुष्य कमी त्रासात मिळाले. हे काम यकृताच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या केंद्रात झाले होते, हेही त्याबरोबर सांगायला हवे. रोज दुर्बिणीने खडे काढणारा प्रत्येक हात यकृतावर तेच करू शकेल, असा अर्थ त्यातून काढू नये.

दोन घरे

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील नालासोपाऱ्यात एका गाळ्यात कामाला होते. उजव्या कुशीत दुखते, भूक लागत नाही, वजन उतरते, अशा तक्रारी चार-पाच महिने चालू होत्या. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग कुणीतरी नजर लागली म्हणाले, दम केलेले पाणी झाले. पोटात पाणी भरू लागले तेव्हा स्कॅन झाला. गाठ मोठी होती आणि यकृताच्या मुख्य रक्तवाहिनीत शिरली होती. छोटी चीर काय, मोठी चीर देऊनही काढण्यासारखे काही राहिले नव्हते. रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. ते गेल्यावर त्यांची बायको शाळेत दाखला घ्यायला आली होती. ती म्हणाली, "टीचर, लोक मला विचारतात, ते चोरून पीत होते का?" डॉक्टरांनी सांगितले म्हणून तिने मुलांची तपासणी करून घेतली. थोरल्या मुलाच्या रक्तात तोच विषाणू सापडला. त्याला आज काहीही त्रास नाही. तो दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. बापाला जी संधी मिळाली नाही ती त्याला आहे.

दुसरे घर माझ्या नात्यातले आहे. एक खाला, वय साठीचे, वीस वर्षांचा मधुमेह. पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली तर यकृताच्या डाव्या कडेला तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. डावी कड ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी सोयीची जागा. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी खाला घरी आल्या आणि पंधरवड्यात स्वतःच्या हाताने रोट्या लाटू लागल्या. त्यांनाही पुढे तपासण्या चुकवता येणार नाहीत, कारण यकृतातली गाठ पुन्हा होऊ शकते. पण त्या आज आहेत.

या दोन घरांत पैशाचा फरक होता, नाही असे नाही. पण मोठा फरक गाठ सापडण्याच्या वेळेचा होता. आणि खालांच्या बाबतीत ती वेळ योगायोगाने साधली. आपल्या माणसांचे जगणे-मरणे योगायोगावर सोडायचे का, हा माझा प्रश्न आहे.

'आम्ही तर पीत नाही'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याबद्दल वेगळे लिहायलाच हवे. दारूने यकृत बिघडते हे खरेच आहे. पण दारू न पिणाऱ्याचे यकृत सुरक्षित असते हे खरे नाही. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तातून पसरतात आणि वर्षानुवर्षे काही लक्षण न दाखवता यकृत पोखरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. बहुतेकांना ते माहीतच नाही. बी हा विषाणू आईकडून बाळाला जन्माच्या वेळी मिळतो. तान्हेपणी लागण झाली तर दहापैकी नऊ जणांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागण झालेल्या बहुतेकांचे शरीर त्याला हाकलून लावते. म्हणजे चाळिशीत ज्याला यकृताची गाठ होते, त्याची गोष्ट कित्येकदा पाळण्यातच सुरू झालेली असते. त्यात त्याचा गुन्हा काय?

दुसरे कारण मधुमेह, वाढलेले पोट आणि चरबीने भरलेले यकृत. दावत, बिर्याणी, तळण, गोड चहा आणि बसून काम, हे आपल्या वस्त्यांतले चित्र कोणाला सांगायला नको. २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, कॅन्सर आणि हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तरी सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' लिहिलेले दिसले की आपण कागद घडी घालून कपाटात ठेवतो.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण घरातली आहे म्हणून घरातच बोलते. हिजामा करणाऱ्याने ब्लेड आणि कप प्रत्येक वेळी नवे वापरले का, हे आपण विचारतो का? मुलाची खतना करणाऱ्याचे अवजार निर्जंतुक केलेले होते का? न्हाव्याने दाढी करताना ब्लेड आपल्यासमोर बदलले का? हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना मुंडणासाठी नवे ब्लेड वापरण्याची सूचना दिली जाते, ती याच कारणाने. हिजामा करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एकाच्या रक्ताने दुसऱ्याचे यकृत बिघडू नये, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मग येते कावीळ. हातावर चुन्याचे पाणी ओतून पिवळेपणा 'उतरवणे', माळ घालणे, हळद बंद करणे, हे उपाय आपल्या किनाऱ्यावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच करतात. ते लागू पडल्यासारखे वाटतात, कारण दूषित अन्न-पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला जाते. बी आणि सी मात्र माळ गळून पडल्यावरही आतच राहतात. म्हणून कावीळ झालेल्या प्रत्येकाने ती कोणत्या प्रकारची होती हे रक्त तपासून घ्यावे. माळ घालायची तर घाला, पण रक्त द्या.

चाकू लागला की कॅन्सर पसरतो?

ही समजूतही सगळीकडे आहे. तिच्यामागे पाहिलेला अनुभव आहे, हे मी नाकारत नाही. कोणाचे तरी पोट उघडले, गाठ पसरलेली निघाली, डॉक्टरांनी तसेच शिवले आणि माणूस दोन महिन्यांत गेला. घरच्यांनी दोष चाकूला दिला. पण चाकूच्या आधीच आजार पसरला होता. आता कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सीटी किंवा एमआरआयमधून गाठ कुठे, किती आणि रक्तवाहिन्यांच्या किती जवळ आहे हे बरेचसे आधीच कळते. शंका उरली तर आधी दुर्बीण घालून पाहता येते. म्हणजे उगाच पोट उघडण्याचे प्रसंग कमी झाले आहेत.

आणि शस्त्रक्रिया हा एकच मार्ग नाही. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी काही रुग्णांत बाहेरून सुई घालून उष्णतेने जाळता येतात. काहींत गाठीच्या रक्तवाहिनीतूनच औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करतात. सिरॉसिस असलेल्या काही रुग्णांसाठी यकृत प्रत्यारोपण हा उपाय असतो. यांतले काय योग्य हे एकट्या सर्जनने ठरवू नये. यकृताचे डॉक्टर, कॅन्सरचे डॉक्टर आणि स्कॅन पाहणारे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवावे. जिथे असे एकत्र बसून ठरवतात, तिथे जावे.

जाहिरातीतले छोटे छिद्र

आपल्या हायवेच्या कडेला मोठमोठे फलक असतात. छोटी चीर, कमी वेदना, दोन दिवसांत घरी. फलक खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही, पण अर्धेच सांगतात. चीर छोटी असणे हा गाठ नीट निघाल्यानंतरचा फायदा आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: यकृताच्या अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत? माझी गाठ आहे त्या जागी दुर्बीण सोयीची आहे का? मध्येच रक्तस्राव झाला तर उघडी शस्त्रक्रिया करण्याची तयारी आहे का? गाठ काढल्यावर उरणारे यकृत पुरेल का? सुईने जाळण्याचा पर्याय माझ्यासाठी आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच उघडी करावी लागली तर ती फसवणूक समजू नये. जीव वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय असतो.

विरार फास्ट आणि परळ

आता सरकारच्या वाट्याच्या उशिराबद्दल. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. आज ती किती वाढली हे विरार फास्टमध्ये सकाळी उभे राहणाऱ्याला आकड्यांशिवाय कळते. तरी कॅन्सर म्हटले की आपण परळलाच जातो. १९४१ मध्ये उघडलेले टाटा मेमोरियल रुग्णालय आणि समोरचे केईएम यांनी या महाराष्ट्राला किती आधार दिला आहे, हे सांगायला शब्द अपुरे आहेत. पण पहाटे निघून दादरला उतरणे, परळ गाठणे, रांगेत दिवस काढणे, रात्री परतणे आणि पुन्हा आठवड्याने तेच. रोजंदारीवरच्या माणसाची दर खेपेला एक दिवसाची मजुरी जाते, सोबत येणाऱ्याचीही जाते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी एवढे जावेच लागेल आणि जायलाही हवे, कारण यकृताचे काम मोजक्या, सरावलेल्या केंद्रांतच व्हावे. पण रक्ताच्या एका तपासणीसाठी आणि सहामाही सोनोग्राफीसाठी परळला का जावे लागावे?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दर कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली आणि योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली, हे चांगले झाले. कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. आपली बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. पण ही योजना दार उघडते ते माणूस रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळी. गाठ लहान असताना शोधायचे काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे. हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधे मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून देशात सुरू आहे. सी प्रकार तर आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. बीचा विषाणू गोळ्यांनी काबूत राहतो आणि गाठीचा धोका कमी होतो. हा कार्यक्रम आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. वसईचे सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्याचे तुळींज या महापालिकेच्या रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस यकृतासाठी ठेवावा. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे किंवा सिरॉसिस आहे, त्यांची यादी करावी आणि दर सहा महिन्यांनी फोन करून सोनोग्राफीला बोलवावे. गाठ दिसली तर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची तारीख इथूनच मिळावी. यासाठी रोबोट लागत नाही. एक मशीन, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि एक वही लागते.

आपल्या हातातले

तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. पुढच्या दशकभरात तिथल्या मुलांमधल्या यकृताच्या कॅन्सरचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आले. आपल्या देशात ही लस २०११ पासून सर्वत्र बालकांच्या लसीकरणात आहे. पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो. म्हणून बाळंतपण रुग्णालयात करावे आणि तो डोस मिळाला का हे नानी-दादीने विचारून घ्यावे. पण माझ्या विद्यार्थ्यांचे आई-वडील त्या आधी जन्मलेले आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना ही लस मिळालेली नाही. त्यांनी एकदा रक्त तपासावे. विषाणू असेल तर उपचार, नसेल तर लस.

मशिदीत जुम्म्याला गर्दी असते, रमजानमध्ये जकातीचे पैसे निघतात, ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरे होतात. त्याच मांडवात हिपॅटायटिसच्या तपासणीचे एक टेबल लावता येईल. जकातीतून ज्या गरजूंच्या ऑपरेशनला मदत होते, त्यांच्याच मुलांच्या तपासणीलाही होऊ शकते. इमामसाहेबांनी एका बयानात एवढेच सांगितले की यकृताचा आजार म्हणजे दारू नव्हे, तर कितीतरी घरांतली कुजबुज थांबेल. 'नशिबात असेल ते होईल' म्हणणाऱ्यांना मी वाद घालत नाही. उंट आधी बांधायचा आणि मग भरोसा ठेवायचा, ही गोष्ट त्यांनीही माझ्याइतक्याच वेळा ऐकली आहे.

ज्यांच्या घरात कोणाला हिपॅटायटिस बी किंवा सी होता, कोणी यकृताच्या आजाराने गेले आहे, ज्यांना जुना मधुमेह आहे आणि कागदावर फॅटी लिव्हर लिहिले आहे, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर तो जुना रिपोर्ट कपाटातून काढावा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा. शेजारी कोणाला यकृताचा आजार झाल्याचे कळले, तर तो पीत होता का हे विचारू नका. तपासणीला सोबत कोण जाणार आहे, हे विचारा.